को’उ म्हणजे माझं

हाकालाउच्या जंगलात पक्षी मोजायच्या कामावर रुजू झालो, तेव्हा वाटलं होतं की नावं पाठ केली की झालं. हवाई बेटावर मौना केआच्या पूर्व उतारावरचं हे अभयारण्य 1985 सालचं. आत शिरण्याआधी बुटांचे तळ घासून अल्कोहोल फवारायचं, कारण ओहिआची झाडं मारणारी बुरशी मातीबरोबर आत जाते. मग ठरलेल्या ठिकाणी उभं राहायचं, आठ मिनिटं कान देऊन ऐकायचं आणि तक्ता भरायचा.

माझ्या जोडीला आंटी होती. इथे वयाने मोठ्या बाईला सगळेच आंटी म्हणतात. पहिल्या थांब्याची आठ मिनिटं संपली तसं मी मोठ्याने वाचलं, “आपापाने चार, एलेपायो एक.”

“तसं नाही,” ती म्हणाली. “त्यालाच विचार.”

समोर कोआच्या झाडाच्या फांदीवर शेपटी उभारून एलेपायो बसला होता, चिमणीएवढा, तपकिरी. हा पक्षी भारी चौकस, माणूस दिसला की जवळ येतो. तो ओरडला, आणि ते त्याचं नावच होतं. शब्द सुरू होताना घशात एक बारीक झटका, मग ‘एले’, मग जोरात ‘पाय’, शेवटी ‘ओ’. या झटक्याला ओकिना म्हणतात आणि हवाईयन वर्णमालेत तो चक्क एक व्यंजन आहे. आपण नकाराचं ‘अं-अं’ म्हणतो ना, तेव्हा मधे श्वास तुटतो, तोच हा. मी तो नेहमी गिळून टाकायचो.

“कोउ म्हणजे तुझं,” आंटी म्हणाली. “को’उ म्हणजे माझं. झटका विसरलास तर माझं घर तुझं होतं.” असं तिने मला दहा वेळा म्हणायला लावलं.

पुढच्या थांब्याकडे चालताना तिने सांगितलं की होडीसाठी कोआ तोडला की जुने कारागीर या पक्ष्याची वाट बघायचे. तो खोडावर बसून टोचू लागला, तर आत कीड आहे, हे लाकूड सोडा.

1896 च्या कायद्याने हवाईतल्या शाळा इंग्रजीत गेल्या. आंटीच्या आजीला वर्गात स्वतःची भाषा बोलल्याबद्दल मार बसला होता, म्हणून घरात ती कुणी बोललंच नाही. पुढे 1984 पासून पूनाना लेओच्या हवाईयन भाषेतल्या बालवाड्या निघाल्या. पूनाना म्हणजे घरटं, लेओ म्हणजे आवाज. लेकीला तिथे घातलं तेव्हा पालकांनाही शिकावं लागे. आंटी तिथे, लेकीच्या शेजारी बसून, आपली भाषा शिकली. हे ऐकल्यावर तो झटका गिळायची मला लाज वाटली.

दुपारी धुकं उतरलं. लेहुआच्या, म्हणजे ओहिआच्या, लाल फुलांतून गंजलेल्या बिजागरीसारखी करकर आली. पक्ष्याची चोच दिसत नव्हती, पण या वेळी मी त्याचं नाव नीट उच्चारलं, ई’ईवी. आंटीने मान हलवली, “आए.” म्हणजे हो.

परतताना तिने विचारलं, “तुमच्याकडे आहे असा बोलणारा पक्षी?”

मी पावशाचं सांगितलं. पावसाच्या तोंडावर तो ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ म्हणतो आणि शेतकरी आभाळाकडे बघतो. हवाईयनमध्ये र नाही, तरी तिने तो शब्द घोळवून घोळवून बसवला.

“मग पाऊस येतो?”

“येतो.”

तिने तक्त्याच्या मागच्या बाजूला तिच्या रोमन लिपीत ते दोन शब्द लिहून घेतले.