गच्चीवरचे टोमॅटो: फुलं ढीगभर, बी मूठभरही नाही

मंडळी, ज्या तिसऱ्या-चौथ्या घोसांवर बियांसाठी भिस्त होती, ते सगळे झडले. फूल उमलतं, देठाची गाठ पिवळी पडते, खेळ खलास. डोंबिवलीतला मार्च म्हणून मी दुपारच्या उन्हाला शिव्या घालत होतो. शेडनेट ताणलं, फरक शून्य.

मग किमान-कमाल तापमापक पश्चिमेच्या कठड्याला टांगला. रात्री अकराला २८! तापलेला स्लॅब आणि कठडा रात्रभर उष्णता सोडत बसतात. टोमॅटोला फळ धरायला साधारण १५ ते २० अंशांची रात्र मानवते. चोविशीच्या वर गेलं की फळधारणा ढासळते.

इलेक्ट्रिक टूथब्रशने फुलं थरथरवून पराग झाडणाऱ्यांसाठी खास: जानेवारीत देठाला ब्रश टेकवला की खालच्या काळ्या कागदावर परागाची पिवळी भुकटी सांडायची. आता कागद कोरा. पराग बिघडतो तो फूल उमलण्याच्या आठवडा-दीड आठवडा आधी, कळी बारीक असताना. म्हणजे आज गळणाऱ्या फुलाचा निकाल आधीच्या रात्रींनीच लावलेला. आज संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारून ते वाचत नाही. जी फळं धरली ती आतून पोकळ, बी मोजकं. आंबवून धुतलं तर बरंचसं तरंगलं, म्हणजे पोचट.

पाकिटावर ‘उष्णता सहनशील’ छापणाऱ्यांनी दिवसाची की रात्रीची, तेवढं छापावं. भाताचीही हीच रड. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या नोंदींवरून २००४ साली दिसलं की कोरड्या हंगामात किमान तापमान १ अंशाने वाढलं तर उत्पादन सुमारे १० टक्के घटतं. कमाल तापमानाचा तसा परिणाम दिसला नाही.

आता गोड बातमी! पूर्वेच्या कोपऱ्यात, लोखंडी स्टँडवर, वारा खेळतो तिथल्या देशी चेरी टोमॅटोला घोस धरलाय. वाटाण्याएवढी, पण कडक हिरवी. तिथे रात्री २५.

सगळ्या कुंड्या तिकडे हलवायच्या, असा बेत लिहायला बसलो होतो. पण थांबा, या गरमीत धरलेल्या घोसाचंच बी वेगळं का ठेवू नये? त्याच झाडाचं थंडीतलं बी डबीत आहेच. दोन्ही ओल्या टिश्यूत शेजारी शेजारी रुजवून बघतो. घोसाला ऑर्गन्झाची (पातळ जाळीदार कापडाची) पिशवी आजच बांधतो. बाकी जातींचं बी यापुढे फक्त पहिल्या दोन घोसांचं, पेरणी सप्टेंबरअखेर.

स्लॅब कमी तापावा म्हणून त्याला चुना लावायचाच आहे. फेविकॉल घालून कुणी लावलाय का? पावसाळ्यात टिकतो?