संविधानावरचा निबंध: गुण कुठे जातात

साताऱ्यातल्या मुलांनी सुरुवात घराजवळूनच करावी: ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकरांचं नाव इथल्या शाळेत दाखल झालं. मग थेट कलम २१-अ वर यावं. ६ ते १४ वयाच्या मुलांचा हा शिक्षणहक्क २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आला, पण अंमल १ एप्रिल २०१० पासून. इथे हमखास गल्लत होते.

त्याहून मोठी चूक, मालमत्तेचा हक्क मूलभूत म्हणून मोजणं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तो वगळला. आता तो कलम ३००-अ मध्ये आहे.

हक्क डावलला तर दाद कुठे मागायची, हे बहुतेक निबंधांत नसतंच! कलम ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात, २२६ खाली उच्च न्यायालयात. साताऱ्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचं तिथे बसणारं पीठ.