बोअर रिचार्ज अपडेट: फिल्टर चोक का होतोय ते सापडलं!

मंडळी, सापडलं एकदाचं! गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून बोअरमध्ये सोडायला केलेला वाळूचा खड्डा, म्हणजे फिल्टर पिट, दोन-तीन मोठ्या सरींतच चोक होतोय आणि पाणी ओव्हरफ्लोने गटारात चाललंय, हे रडगाणं मागच्या दोन्ही अपडेटमध्ये होतंच. तुम्ही लोकांनी ढीगभर सल्ले दिलेत, एकेक करून सगळे तपासले, आणि शेवटी गुन्हेगार आमच्या पिटमध्ये नाहीच निघाला, तो शेजारच्या प्लॉटवर आहे.

नवीन आलेल्यांसाठी दोन ओळीत. कोथरूडमधली १९८० च्या दशकातली सोसायटी, तळमजला अधिक तीन, गच्ची साधारण ३८० चौरस मीटर, गच्चीचं पाणी खाली आणणारे दोन डाउनटेक पाईप, दोन्ही एकाच पिटमध्ये आणि तिथून बोअरच्या केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या तोंडाशी बसवलेल्या पाईपमध्ये. पुण्याचा पाऊस वर्षाला ७०० मिमीच्या आसपास धरला आणि वाया जाणारं वजा केलं तरी दोन लाख लिटर पाणी या एका गच्चीवर पडतं, म्हणजे १०,००० लिटरचे वीस टँकर. मे महिन्यात टँकरवाल्याला फोन लावून ताटकळणाऱ्या माणसाला हा हिशोब दाखवला की पुढे काही समजवावं लागत नाही.

तर तपास. पहिला संशय वाळूवर होता. पिट भरताना कॉन्ट्रॅक्टर क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) टाकायला निघाला होता, मी ठाम नाही म्हटलं, कारण क्रश सँडमध्ये बारीक पावडर असते आणि नीट धुतली नाही तर ती पहिल्या पावसात खाली उतरते. आपण नदीची वाळू चाळून, धुऊन, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन टाकली होती. तरी वरच्या थरावर राखाडी पापुद्रा धरत होता, नखाने खरवडला तर पत्र्यासारखा निघायचा, आणि त्याखालची वाळू एकदम स्वच्छ! म्हणजे घाण वाळूतून येत नव्हती, वरून येत होती.

दुसरा संशय गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर, पण आमच्याकडे जुना चायना मोझॅक आहे, कोटिंग नाहीच, त्यामुळे पोपडे निघायचा प्रश्न नाही. कबुतरांवर पण संशय घेऊन झाला.

मग बरण्यांचा प्रयोग केला. हा सगळ्यांनी करा, फुकट आहे आणि याच्यासारखं शिकवणारं काही नाही. सरळ बाजूंचा एक काचेचा ग्लास गच्चीवर ठेवला, त्यावर पट्टी चिकटवली, झाला पर्जन्यमापक. दर २ मिमीला डाउनटेकमधून, म्हणजे फिल्टरच्या आधीच, एक बरणी भरून घ्यायची, वर मिमी लिहायचं आणि कंपाउंडच्या भिंतीवर ओळीने मांडायचं. पाच दिवसांच्या उघडीपीनंतर जी मोठी सर आली तिच्यात पहिली बरणी ताकासारखी पांढुरकी, २ मिमीची पण तशीच, ४ ला थोडी बरी, ६ ला नुसतं गढूळ आणि ८ मिमीनंतर नितळ. दुसऱ्या दिवशी सलग झड होती तेव्हा पहिल्या बरणीपासूनच नितळ. इथे डोक्यात प्रकाश पडला! उघडीप जितकी लांब तितकी घाण जास्त, म्हणजे कोरड्या दिवसांत काहीतरी गच्चीवर बसतंय.

बरणीतल्या गढूळ पाण्यात पीएच पट्टी (आम्ल-अल्कली ओळखणारी) बुडवली तर ८ च्या वर. पावसाचं पाणी मुळात थोडं आम्लधर्मी असतं, साधारण साडेपाचच्या आसपास, त्यामुळे हे नुसत्या पावसाचं नाही. गाळ वाळवून त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकले तर बारीक बुडबुडे! म्हणजे गाळात सिमेंट-चुन्यासारखं काहीतरी असणार. पश्चिमेच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंट चालू आहे, दिवसभर सिमेंट मिक्सर आणि टाइल कटर, आणि पावसाळ्यात वारा पश्चिमेकडूनच येतो. दोन आणि दोन चार.

आता हे नुसतं फिल्टर साफ करायचं दुखणं नाही, म्हणून एवढं लिहितोय. आपल्याकडे बेसाल्ट आहे, कातळ स्वतः पाणी धरत नाही, पाणी असतं ते भेगांमध्ये, सच्छिद्र थरात आणि दोन थरांच्या मधे. बोअरमध्ये सिमेंटची बारीक पूड गेली तर ती बरोब्बर त्याच भेगांत जाऊन बसणार. एकदा भेगा बुजल्या की कॉम्प्रेसर लावून फ्लशिंग करायचं, आणि त्याने पूर्ण मोकळं होईलच असं नाही. त्यामुळे पाणी वाया गेलं तरी चालेल पण पांढरं पाणी बोअरमध्ये जाता कामा नये, हा आपला नियम नंबर एक.

फर्स्ट फ्लश, म्हणजे सरीचं पहिलं घाण पाणी बाजूला अडवणारा पाईप, लावलाय ना, असं कुणीतरी विचारणारच. लावलाय. पण हिशोब बघा. बाजारात मिळतो तो ६ इंची पाईपचा, ३ मीटर उंच, त्यात पाणी मावतं ५० लिटरच्या आसपास. आमच्या एका डाउनटेकला १९० चौरस मीटर गच्ची आहे, म्हणजे १ मिमी पाऊस म्हणजे १९० लिटर. ५० लिटरचा पाईप पाव मिमीमध्ये भरून मोकळा होतो! छोट्या बंगल्याला ठीक आहे पण सोसायटीला हे विकणाऱ्यांनी आधी गच्ची मोजायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय त्याचं खालचं ठिबक भोक या पुडीने लगेच बुजतं, मग पाईप भरलेलाच राहतो आणि पुढच्या सरीला त्याचा उपयोग शून्य. मी ते भोकाचं तळाचं टोपण (एन्ड कॅप) काढून तिथे बॉल व्हॉल्व्ह बसवलाय, आता अडकत नाही, फक्त हाताने उघडावा लागतो.

पुढचा विचार होता सेटलिंग टँकचा, म्हणजे गाळ तळाला बसू देणाऱ्या टाकीचा, गच्चीवरची १००० लिटरची जुनी टाकी खाली आणून पिटच्या आधी जोडायची. कागदावर छान वाटलं. पण तासाला ५० मिमीच्या वेगाने सर आली तर पूर्ण गच्चीवरून मिनिटाला २५०-३०० लिटर येतं, म्हणजे टाकीत पाणी जेमतेम चार मिनिटं थांबणार. १० मायक्रॉनचा कण १ मीटर खाली बसायला तीन तास घेतो. चार मिनिटांत जाडी रेती बसेल, पूड नाही. तुरटी टाका असं दोघांनी सुचवलं, बोअरमध्ये जाणाऱ्या पाण्यात मला ते नकोच.

मग काल रात्री सुचलं की हीच टाकी सेटलिंगऐवजी फर्स्ट फ्लश म्हणून वापरली तर? टाकी भरेपर्यंत सगळं पाणी तिच्यात, भरली की फ्लोटने तोंड बंद आणि पुढचं पाणी पिटकडे. एका डाउनटेकला १००० लिटर म्हणजे ५ मिमीच्या वर झालं! गच्चीवर अशा दोन टाक्या पडून आहेत. बरण्यांच्या हिशोबाने ८ मिमी हवं, ते ३ मिमीचं अंतर गच्ची पुसून भरून काढायचं. आमच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी पाळी लावून घेतली आहे, उघडीप झाली की गच्ची ओल्या फडक्याने पुसायची. कोरडा झाडू नाही, त्याने पूड मोझॅकच्या सांध्यात बसते. हे त्यांनीच मला सांगितलं आणि बरण्यांनी सिद्ध केलं, पुसल्यानंतरच्या सरीत ४ मिमीलाच पाणी नितळ! या एका गोष्टीचा मला सगळ्यात जास्त आनंद झालाय. टाकीतलं पाणी पार्किंग धुवायला.

साइटवरच्या इंजिनिअरशीही बोललो, माणूस चांगला आहे, आमच्या बाजूची हिरवी जाळी उंच करून दिली आणि कटिंगवर पाणी मारायला सांगितलं.

फिल्टरच्या जाळीबद्दल विचारलं होतं कुणीतरी. एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) ची घ्या, पुण्यात बोहरी आळीत हवा तेवढा तुकडा कापून मिळतो, जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) घेऊ नका, लवकर गंजते. जिओटेक्सटाइल (थरांमध्ये घालायचं गाळणीचं कापड) मी पिटमधून काढून टाकलंय, अशा पुडीत ते वाळूच्या आधी चोक होतं आणि बदलायला अख्खा थर उपसावा लागतो. त्यापेक्षा वाळूचा वरचा इंचभर थर खरवडून बदलणं परवडतं.

बोअरची पातळी मी दोन वायर, एक वजन आणि मल्टिमीटरचा बझर अशा जुगाडाने मोजतो. मेमध्ये ११० फुटांखाली होती, आता ३४ फुटांवर बझर वाजतो. पावसाळ्यात सगळ्यांच्याच बोअरची पातळी वर येते, त्यामुळे हे सगळं श्रेय रिचार्जचं नाही, खरं ते फेब्रुवारीत कळेल. पण बझर वाजला तेव्हा अंगावर काटा आला हे खरंय.

आणि हे लिहिता लिहिता अजून एक वाटतंय. साइट अजून दीड-दोन वर्षं चालणार. तोपर्यंत निदान पश्चिमेकडचा डाउनटेक बोअरला नकोच, तो मागच्या कोपऱ्यात रिचार्ज विहिरीत सोडायचा. बंगळुरूला परंपरेने विहिरी खणणारे मण्णू वड्डर लोक खणतात तशी, ३ फूट रुंद, २०-२५ फूट खोल, सिमेंटच्या रिंगा टाकून. तमिळनाडूने २००३ मध्ये सगळ्या इमारतींना पावसाचं पाणी साठवणं सक्तीचं केलं, त्यामुळे चेन्नईचे खूप व्हिडिओ मिळतात, पण तिथल्या किनाऱ्याजवळच्या वाळूत जे चालतं ते आपल्या कातळात जसंच्या तसं चालत नाही. आमच्या मागच्या कोपऱ्यात मात्र ड्रेनेजच्या वेळी खणलं तेव्हा ८-१० फूट तरी मऊ मुरूम लागला होता. मुरमातून झिरपलं तर पाणी गाळून जाईल, आणि गाळ साचलाच तर विहिरीत माणूस उतरून उपसू शकतो, बोअरमध्ये ती सोय नाही. खर्चाचं मीटिंगमध्ये बघू, पालिकेची सर्वसाधारण करात ५ टक्के सवलत आहे, सौर किंवा गांडूळखत जोडीला असेल तर १० टक्के, तो अर्ज पण पुढे करायचाय.

आधी झिरपण्याची टेस्ट. कोपऱ्यात दोन फुटी खड्डा, एक दिवस पाणी भरून मुरू द्यायचं, मग परत भरून तासाला किती इंच उतरतं ते मोजायचं. पाऊस थांबला की या रविवारीच. पुण्यात कुणी मुरमात रिंगांची विहीर केली असेल तर किती इंच उतरत होतं ते सांगा, आणि भोकं पाडलेल्या ३ फुटी रिंगा तयार मिळतात का साइटवर पाडून घ्याव्या लागतात ते पण.