अनिवार लैंगिक वर्तनावरील उपचार : माझा अनुभव

लैंगिक वर्तनावरचा आपला ताबा सुटला आहे, हे मला उपचार सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून कळत होते. मात्र यासाठी कोणाकडे जायचे असते, तिथे काय विचारतात आणि हा मुळात उपचार करण्यासारखा विकार आहे की निव्वळ माझ्या स्वभावातले वैगुण्य आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर हाती नसल्यामुळे मी बराच काळ जागच्या जागी राहिलो. रात्री उशिरापर्यंत पॉर्न पाहणे, त्यातून अनोळखी व्यक्तींशी लैंगिक स्वरूपाच्या गप्पा, सकाळी जड डोक्याने कामाला लागणे, पत्नीच्या नजरेस फोन पडू नये म्हणून सतत सावध राहणे, मग उबग येऊन सगळी ॲप काढून टाकणे आणि काही दिवसांनी तीच पुन्हा घेणे, असे ते चक्र होते. त्यातले सुख केव्हाच आटले होते, तरीही चक्र थांबत नव्हते. आणि हेच कोणाला समजावून सांगणे मला सर्वांत अवघड वाटत असे.

ज्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो त्यांनी अर्धे बोलणे ऐकून घेतले आणि उरलेला वेळ विवाहित माणसाच्या कर्तव्यांवर घालवला. तिथे मी पुन्हा गेलो नाही. दुसऱ्या ठिकाणी वेळ घेण्यापूर्वी मात्र फोनवरच विचारले की, अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या लोकांबरोबर आपण काम केले आहे का आणि हस्तमैथुन किंवा समलैंगिकता यांकडे आपण आजार म्हणून पाहता का. दुसऱ्या प्रश्नाचा माझ्या परिस्थितीशी थेट संबंध नव्हता. परंतु त्याच्या उत्तरावरून समोरचा माणूस उपचार करणार आहे की प्रवचन देणार आहे, हे चटकन कळते. हा प्रश्न विचारायला कोणी संकोचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीसुद्धा पहिल्या सत्रात मी ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा प्रकार केलाच. झोप लागत नाही, कामात लक्ष राहत नाही, चिडचिड होते, असे सारे सांगून झाले. मूळ गोष्ट जिभेवर येईना. समुपदेशक शांतपणे म्हणाल्या की, येथे बोललेले कोणत्या परिस्थितीत गुप्त राहते आणि कोणत्या परिस्थितीत राहू शकत नाही, ते आधी सांगते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असणे, एखाद्या लहान मुलाला इजा पोहोचत असणे, अशा मोजक्या बाबी त्यांनी सांगितल्या आणि या मर्यादा त्या त्या ठिकाणच्या कायद्याप्रमाणे ठरतात हेही स्पष्ट केले. गुप्ततेच्या सीमा इतक्या नेमकेपणाने समोर आल्यावर बोलणे सोपे झाले. 'काळजी करू नका, सगळे गुप्त राहील' अशा मोघम आश्वासनाने ते झाले नसते.

त्यानंतरची चौकशी माझ्या अपेक्षेपेक्षा फारच वेगळी निघाली. मी काय पाहतो याच्या तपशिलात त्यांना फारसा रस नव्हता. कोणती औषधे चालू आहेत, कधी अनेक दिवस झोपेची गरजच न वाटता उत्साह उतू जातो का, नैराश्य, मद्यपान, लहानपणीचे आघात, लक्ष एकाग्र न होण्याची जुनी तक्रार, असे प्रश्न आले. त्यामागचे कारण नंतर कळले. द्विध्रुवीय (बायपोलर) विकारातील उन्मादाच्या, म्हणजे अतिउत्साहाच्या काळात लैंगिक वर्तन बेफाम होऊ शकते. पार्किन्सन किंवा पायांच्या अस्वस्थतेवर दिली जाणारी प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी डोपामिनवर्गीय औषधेही काही रुग्णांत असा आवेग निर्माण करतात, तर ॲरिपिप्राझोल या मानसिक विकारांवरच्या औषधाबाबत अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2016 मध्ये तशीच सूचना दिली होती. मूळ कारण तिथे असेल, तर समुपदेशनाची सत्रे घेत राहण्याऐवजी औषधाचा फेरविचार डॉक्टरांकडून करून घ्यावा लागतो. माझ्या बाबतीत तसे काही निघाले नाही. ज्यांचा प्रत्यक्ष शरीरसंबंध आलेला असतो, त्यांना याच टप्प्यावर लैंगिक संसर्गाच्या तपासण्याही सुचवल्या जातात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या 11व्या आवृत्तीत 'अनिवार लैंगिक वर्तन विकार' असे निदान आहे. ही आवृत्ती 2019 मध्ये स्वीकारली गेली आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. त्यात हा विकार आवेग-नियंत्रणाच्या विकारांत मोडतो. जुगार आणि गेमिंग यांचे विकार मात्र व्यसनाधीन वर्तनांच्या गटात ठेवले आहेत. याला व्यसन म्हणावे की नाही, यावर तज्ज्ञांमध्ये अजूनही मतभेद आहेत आणि अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या निदान-पुस्तिकेत तर हे निदानच घेतलेले नाही. रुग्ण म्हणून मला या वादाचे फारसे सोयरसुतक वाटले नाही. निकषांमधली एक अट मात्र माझ्या सगळ्या विचारांना कलाटणी देणारी ठरली. इच्छा आवरण्यात वारंवार आणि दीर्घकाळ, साधारणपणे 6 महिने किंवा अधिक, अपयश येणे आणि त्यामुळे आयुष्याच्या महत्त्वाच्या अंगांची हानी होणे किंवा तीव्र त्रास होणे, हे निदानासाठी आवश्यक आहे. पण तो त्रास केवळ 'हे पाप आहे' या नैतिक भावनेतून येत असेल, तर तेवढ्यावर निदान करता येत नाही.

माझ्यात या दोन्ही गोष्टी एकमेकींत पुरत्या गुंतलेल्या होत्या. मनात लैंगिक विचार आला तरी मी स्वतःला दोषी समजत असे आणि त्या दोषाच्या बोचणीपासून सुटका म्हणून पुन्हा पडद्याकडेच वळत असे. समुपदेशकांनी एक वही करायला लावली. तिच्या एका बाजूला ज्यांची मला लाज वाटते त्या गोष्टी आणि दुसऱ्या बाजूला ज्या थांबवायच्या ठरवूनही थांबवता आल्या नाहीत त्या गोष्टी लिहायच्या होत्या. पहिली बाजू कितीतरी लांब झाली आणि तिच्यातल्या बऱ्याचशा नोंदींवर उपचाराची गरजच नव्हती. कामेच्छा मारून टाकणे हे आमचे उद्दिष्ट नाही, निवड करण्याची क्षमता परत आणणे हे आहे, असे त्यांनी तेव्हा सांगितले. 'वासनेपासून मुक्ती' मागायला आलेल्या मला ते प्रथम अपुरे वाटले होते.

पुढची बरीच सत्रे संज्ञानात्मक वर्तनोपचाराच्या (सीबीटी), म्हणजे विचार आणि वागणे यांच्यातले नाते ओळखून ते बदलण्याच्या पद्धतीने झाली. प्रत्येक वेळी ओढ निर्माण झाली की आधी काय घडले, मनात कोणता विचार आला, शरीरात काय जाणवले आणि मी पुढे काय केले, याची नोंद ठेवायची होती. हे काम कंटाळवाणे आहे, यात शंका नाही. परंतु त्या नोंदींतून जे दिसले ते मला कोणी सांगून पटले नसते. माझी ओढ क्वचितच कामेच्छेतून सुरू होत होती. वरिष्ठांनी केलेली टीका, घरातला अबोला, एखादे काम पूर्ण झाल्यानंतरची पोकळी आणि थकवा, ही तिची खरी उगमस्थाने होती. पॉर्न हे माझे झोपेचे, रागाचे आणि एकटेपणाचे औषध झाले होते. त्यामुळे फोन झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवणे आणि संकेतस्थळे अडवणारी प्रणाली बसवणे हे उपाय उपयोगी असले तरी वरवरचे ठरले. रागावलो आहे हे रागाच्या वेळीच ओळखणे आणि ते योग्य माणसाला सांगणे, हे मला शिकावे लागले. ओढ आलीच, तर तिच्याशी झुंज न घेता किंवा तिला बळी न पडता, ती चढते आणि ओसरते कशी हे केवळ पाहत राहण्याचा सरावही होता. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात तो रूढ केला.

घसरणीबद्दल, म्हणजे थांबवलेले वर्तन पुन्हा घडण्याबद्दल बोलायचे, तर घसरणीपेक्षा तिच्यानंतरचा विचार अधिक घातक असतो. 'नेम मोडलाच आहे, मग आता काय राहिले' असे म्हणून माणूस आठवडा वाया घालवतो. मार्लट आणि गॉर्डन यांनी 1985 मध्ये रिलॅप्स, म्हणजे जुन्या सवयीकडे परत जाणे, टाळण्याविषयी केलेल्या मांडणीत या मनोवस्थेला महत्त्वाचे स्थान आहे. घसरणीविना गेलेले दिवस मोजण्याच्या पद्धतीबद्दल म्हणूनच माझ्या मनात शंका आहे. काहींना त्यातून बळ मिळते हे मी पाहिले आहे. मला मात्र आकडा शून्यावर आला की सगळेच शून्य झाल्यासारखे वाटत असे, म्हणून आम्ही तो नाद सोडला.

औषधांचा विषय मानसोपचारतज्ज्ञांकडे निघाला. खास या विकारासाठी मान्यताप्राप्त असे औषध नाही. नैराश्य आणि चिंतेवरची एसएसआरआय गटातील औषधे किंवा व्यसनमुक्तीत वापरले जाणारे नाल्ट्रेक्सोन यांचा काहींना उपयोग होतो, परंतु पुरावा अजून मर्यादित आहे, हे त्यांनी न लपवता सांगितले. माझ्या चिंतेसाठी त्यांनी एसएसआरआय गटातील औषध दिले. त्याने कामेच्छा थोडी मंदावली, पण तो अशा औषधांचा परिचित दुष्परिणाम आहे आणि त्यालाच बरे होणे समजू नये, ही ताकीदही सोबत मिळाली.

स्वमदत गटाला जाणे सर्वांत जास्त जिवावर आले होते. 1935 मध्ये सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या बारा पायऱ्यांच्या धर्तीवर लैंगिक वर्तनासाठी अनेक संघटना आहेत. सेक्स अँड लव्ह ॲडिक्ट्स ॲनॉनिमस 1976 मध्ये आणि सेक्स ॲडिक्ट्स ॲनॉनिमस 1977 मध्ये सुरू झाली. बाहेरून त्या सारख्याच दिसतात, पण त्यांच्यातला एक फरक जाण्यापूर्वी समजून घ्यावा. सेक्सहोलिक्स ॲनॉनिमसमध्ये संयमाची व्याख्या सर्वांसाठी एकच आणि कडक आहे. सेक्स ॲडिक्ट्स ॲनॉनिमसमध्ये प्रत्येक जण ती आपल्या स्पॉन्सरच्या, म्हणजे गटातल्या अनुभवी मार्गदर्शक सदस्याच्या मदतीने ठरवतो. त्यासाठी तीन वर्तुळे आखतात. आतल्या वर्तुळात जे करायचेच नाही ते, मधल्यात जे तिकडे ढकलू शकते ते आणि बाहेरच्यात जे जीवन समृद्ध करते ते. मला ही दुसरी पद्धत मानवली. 'आपल्याहून श्रेष्ठ शक्ती' ही तिथली भाषा मला परकी वाटत राहिली; तरीही अनोळखी लोकांनी माझी हकिकत मान न वळवता ऐकली, यातून जे मिळाले ते समुपदेशनाच्या खोलीत मिळण्यासारखे नव्हते. फुकट असणे आणि ऑनलाइन सभांत आवाजापुरते सहभागी होता येणे, या गोष्टींचाही सुरुवातीला मोठा आधार झाला.

पत्नीला सांगण्याची मला घाई होती, कारण ओझे उतरवायचे होते. समुपदेशकांनी ती थोपवून धरली. आज थोडे, पुढच्या महिन्यात आणखी थोडे, असे तुकड्यातुकड्यांनी सत्य बाहेर आले तर जोडीदाराचा विश्वास दर वेळी नव्याने मोडतो; म्हणून काय सांगायचे ते लिहून, अनावश्यक वर्णने गाळून, तिच्या संमतीने आणि तिचा स्वतंत्र समुपदेशक उपलब्ध असताना ते सांगितले. 'तुझा यात काही दोष नाही' या माझ्या वाक्यावर तिने मान हलवली नाही, त्याला उत्तरही दिले नाही. पुढे एस-ॲनॉन या जोडीदार व कुटुंबीयांसाठी असलेल्या गटात ती काही काळ गेली. आपण एकत्र राहायचे की नाही, हे ठरवायला किती वेळ घ्यायचा, तो निर्णय तिचा असेल, हे त्या बैठकीतच लेखी ठरले होते आणि त्यावर मी तिला आजवर विचारणा केलेली नाही.

आता सत्रे महिन्यातून एकदाच होतात. औषधाचा डोस मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी होत आहे, कारण ते एकाएकी थांबवल्यास चक्कर, बेचैनी असे त्रास उद्भवू शकतात. ओढ अजूनही येते, विशेषतः कामाचा ताण वाढला की. त्यासाठीचे एक पानी नियोजन माझ्याकडे आणि गटातल्या माझ्या स्पॉन्सरकडे आहे. धोक्याच्या खुणा कोणत्या, कोणाला फोन करायचा आणि पुढच्या सत्राची वाट न पाहता वेळ केव्हा मागायची, एवढेच त्यात आहे. समुपदेशकांनी पुढच्या भेटीला ते पान सोबत आणायला सांगितले आहे, कारण त्यातल्या दोन खुणा आता जुन्या झाल्या आहेत आणि एक नवी घालायची आहे.