गाथेत नसलेला अभंग

रविवारी आमच्या कोल्हापुरात शाहू स्मारकला ‘संत तुकाराम’ बघून आले. प्लॅन खरं तर माझा एकटीचा होता, व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड आलेला, जुना सिनेमा, मोठा पडदा, एन्ट्री फ्री. तो मी सहज मोठ्याने वाचला आणि आतल्या खोलीतनं आज्जीचा आवाज, "पागनीसाचा तुकाराम? मी बी येणार." हिला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं तर चार दिवस आधीपासून मिनत्या कराव्या लागतात, आणि रविवारी शो साडेपाचचा असून बाई साडेतीनलाच इरकल नेसून, कानाच्या मशीनमध्ये नवीन सेल घालून तयार.

रिक्षा खरी कॉर्नरवरनं गेली. तिथं तो कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ना, आपण रोज त्याच्या बाजूनं जातो आणि बघत नाही. सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला आणि त्यांच्या हाताखाली विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम ही सगळी मंडळी तयार झाली. फत्तेलाल तर आपल्या कागलचे. १९२९ ला हे लोक पेंटरांच्या कंपनीतनं बाहेर पडले आणि कोल्हापुरातच ‘प्रभात’ फिल्म कंपनी काढली, १९३३ ला पुण्याला हलले आणि १९३६ ला तिथं दामले-फत्तेलाल जोडीनं हा तुकाराम केला. म्हणून पुणेकर तो आपला म्हणतात. म्हणू देत. शिकून कुठनं गेले ते बघा की!

हॉल बऱ्यापैकी भरलेला. मला वाटलेलं सगळे साठीच्या पुढचेच असणार, पण कॉलेजची पोरं पण होती, आमच्या शेजारचा एक मुलगा वहीत काहीतरी लिहीत होता, बहुतेक प्रोजेक्ट असावा. पडद्यावर प्रभातची तुतारी वाजवणारी बाई आली तसे आज्जीनं हात जोडले. मी म्हटलं अगं अजून देव आला नाही, हा कंपनीचा लोगो आहे. तर म्हणे गप बस. तिनं हा सिनेमा लहानपणी गावच्या जत्रेत तंबूत बघितलेला, बायका चपला बाहेर काढून आत गेल्या होत्या आणि तिच्या आईनं पडद्यासमोर नारळ फोडला होता. मी हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की मला ती आज्जीची अतिशयोक्ती वाटायची, पण त्या दिवशी हॉलमध्ये पुढच्या रांगेतले एक आजोबा तुकाराम आल्यावर उठून उभेच राहिले, तेव्हा म्हटलं असेल बाई खरं.

आता खरं सांगू का, मी तुकारामासाठी गेले आणि त्याच्या बायकोसाठी, आवलीसाठी बसून राहिले. तुकाराम झालेले पागनीस भारीच आहेत, आधी नाटकात स्त्री भूमिका करणारा नट, तो मऊपणा चेहऱ्यावर दिसतो आणि गाताना डोळे असे काही लागतात की अभिनय चाललाय हे विसरायला होतं. पण आवली झालेली गौरी! असं म्हणतात की ही बाई प्रभातमध्ये साध्या कामाला होती, नटी वगैरे नव्हेच. तिची आवली म्हणजे आपल्या गल्लीतली कुणीही. घरात दाणा नाही, पोर आजारी, नवरा विठ्ठल विठ्ठल करत बसलाय, तर ती पोराला घेऊन तरातरा देवळात जाते आणि पायातली वहाण काढून थेट विठोबावर उगारते. अख्खा हॉल हसला. आज्जी नाही हसली. ती हळूच म्हणाली, "बरं केलं." शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा घरात येतो तेव्हा पोरंबाळं अंगावर दागिने घालून बघतात, आवलीचा चेहरा फुलतो, आणि तुकोबा येऊन सगळं परत पाठवतात. त्यांचं बरोबर असेलही, संत माणूस, पण मी पूर्ण आवलीच्या पार्टीत होते.

चमत्कारांचे सीन आज जरा मजेशीर वाटतात. एकाचे अनेक शिवाजी होतात तेव्हा मागची पोरं खुसखुसत होती. पण कॉम्प्युटर नाही काही नाही, सगळं कॅमेऱ्यातली हातचलाखी. १९३७ ला व्हेनिसच्या महोत्सवात ह्याचा गौरव झाला, तिकडच्या लोकांना तुकोबा कोण हे ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, आवली मात्र त्यांना लगेच कळली असणार.

शो संपल्यावर चर्चा होती. मला चर्चांचा कंटाळा, लोक प्रश्न विचारायच्या नावाखाली भाषण करतात, पण आज्जीला उठवत नव्हतं म्हणून बसलो. तर बोलणाऱ्या सरांनी बोलता बोलता सांगितलं की ‘आधी बीज एकले’ हा तुकारामांचा अभंग नाहीच, तो शांताराम आठवल्यांनी ह्या सिनेमासाठी लिहिला आणि केशवराव भोळ्यांनी चाल लावली. मी आज्जीकडे बघितलं. ती हे रोज सकाळी म्हणते. देव पुसताना. माझ्या बारशापासून आजोबांच्या तेराव्यापर्यंत घरात जे काही झालं त्या प्रत्येक वेळी तिनं ते म्हटलंय, तुकोबाचा अभंग म्हणून.

आणि गंमत बघा, ह्याच सिनेमात तो सालोमालो तुकोबांचे अभंग ढापून स्वतःच्या नावावर खपवत असतो, वर तुकोबांवरच चोरीचा आळ घेतो. आणि इकडे आठवल्यांनी एवढं सुंदर गाणं स्वतः लिहिलं आणि लोकांनी ते तुकोबांच्या नावावर चढवून टाकलं! उलटा सालोमालो. कवी म्हणून ह्यात खूश व्हायचं की डोक्याला हात लावायचा, मला तर ठरवता येईना.

रिक्षात मी विचारलं, काय गं, ऐकलंस ना सर काय म्हणाले? "ऐकलं की. मशीन चालू हाय माझं." मग स्टेशन रोडचा सिग्नल सुटेपर्यंत गप्प. मग म्हणाली, "त्या सराला काय म्हाईत? ते व्हते व्हय तवा देहूत?" मी म्हटलं तू पण नव्हतीस. त्यावर उत्तर नाही. घरी येईपर्यंत विषय आवलीचाच, की नवरा विमानात बसून वैकुंठाला गेला आणि हिच्या वाट्याला चूल आणि पोरं, "तिला कुणी इचारलं का नीट? गडबडीत इचारल्यावर कोण जातंय?"

सोमवारी सकाळी चहाच्या आधीच तिनं आजोबांची गाथा माझ्या पुढ्यात ठेवली, लाल फडक्यात बांधलेली. मागं अभंगांची सूची आहे, अक्षरवार. म्हणाली, "आ काढ." मी ‘आ’ची सगळी पानं बोट ठेवून वाचली, आधी म्हणून जे जे होतं ते तिला वाचून दाखवलं. नाही म्हटल्यावर, "अ मधी बघ." तिथं पण नाही. "ब मधी? बीज म्हणून?" नाही. मग तिनं चष्मा लावून स्वतः एकदा बघितलं, गाथा मिटली, फडकं नीट गाठ मारून बांधलं आणि देव पुसायला उठली.

"ऱ्हायला आसंल छापायचा," म्हणाली, आणि म्हणायला लागली.