कमळाला टाळ्या किती?

‘कमळ’ लिहिताना तीन अक्षरं लागतात. पण नेहमीसारखं म्हणून बघा: क-मळ. एका दमात म्हटल्या जाणाऱ्या प्रत्येक तुकड्याला एक टाळी धरली, तर टाळ्या दोनच. चार-पाच वर्षांच्या मुलांशी शब्द फोडायचे खेळ खेळताना गोंधळ इथेच होतो, आणि तो बहुतेक वेळा मोठ्यांमुळे. आपण ‘क… म… ळ’ असं ताणून सांगतो, प्रत्येक व्यंजनाला ‘अ’ चिकटतो आणि मूल इमानेइतबारे तीन टाळ्या वाजवतं. म्हणून शब्द बोलण्याच्या वेगानेच म्हणायचा. पाटी-पेन्सिल तूर्त लांब.

मूठभर चिंचोके घ्या आणि स्वयंपाकघरातल्या पाच-सहा वस्तू. (तीन वर्षांच्या आतलं भावंड आसपास असेल तर चिंचोक्यांऐवजी मोठे ठोकळे, चिंचोका नाकात जातो.) बटाटा हातात धरून शब्द एकदा सरळ म्हणा. मग ब-टा-टा म्हणत प्रत्येक ठोक्याला एक चिंचोका, डावीकडून उजवीकडे. शेवटी ओळीखालून बोट फिरवत पुन्हा अख्खा ‘बटाटा’. ही शेवटची पायरी गाळू नका, नाहीतर मुलांकडे नुसते तुकडे उरतात, शब्द हरवतो.

टोमॅटो, मोसंबी, पपई आधी. मग भाकरी (भाक-री), कोथिंबीर (को-थिं-बीर). डाळ, दूध, मीठ सगळ्यात शेवटी, कारण एकच ठोका मुलांना अपुरा वाटतो आणि ती ‘दू-ध’ करून मोकळी होतात. अशा वेळी हनुवटीखाली हात धरून ‘डाळ’ म्हणायला लावा: हनुवटी एकदाच खाली येते. ‘आई’ला मात्र ही युक्ती चालत नाही. दोन स्वर लागोपाठ, हनुवटी दुसऱ्यांदा खाली येतच नाही. तिथे खडूने चौकोन आखून उड्या माराव्यात. टाळ्या सुसाट सुटतात. उडीला वेळ लागतो, त्यामुळे मोजणी ताळ्यावर राहते.

हे जमलं की ‘साबुदाणा’ मांडा, चार चिंचोके. पहिले दोन हाताखाली झाका. काय उरलं? दाणा! शेंगदाणेही असेच (शेंग-दा-णे), फक्त तिथे पहिला एकच चिंचोका झाकायचा. उरलेल्या तुकड्याला अर्थ असला की खेळ सोपा जातो. ‘मोसंबी’तला ‘मो’ काढून ‘संबी’ म्हणणं बरंच अवघड, ते आठवडाभराने. एका वेळी दहा मिनिटं पुरे.

पुढे अक्षरं आली की मुलांना सरळ सांगा: कमळ लिहिताना तीन, म्हणताना दोन. आणि मग ‘कमळं’ म्हणायला लावा. कम-ळं. तुकडा सरकला, टाळ्या तरी दोनच.