आधी दारावर टकटक

"आजी, मी आता तुला डाव्या कुशीवर वळवणार आहे. चालेल ना?"

गेले तीन आठवडे आमच्या घरात रोज संध्याकाळी हे वाक्य ऐकू येतं. माझी मुलगी अकरावीत आहे, ह्यूस्टनजवळच्या एका सरकारी शाळेत. सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या आहेत आणि सध्या त्या तिच्या पेशंट आहेत. त्या पलंगावर झोपलेल्या असतानाच अंगाखालची चादर बदलायचा सराव चालू आहे. आधी दारावर टकटक. मग आपलं नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं. जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, नवी तिथूनच पसरायला घ्यायची, आजीला त्या गुंडाळीवरून अलगद दुसऱ्या कुशीवर घ्यायचं आणि पलीकडून चादर ताणून बसवायची. आमच्या पलंगाला कठडा नाही, म्हणून आजी जिकडे वळणार त्या बाजूला मला उभं केलं जातं. चादरीवर एकही सुरकुती चालत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कातडी नाजूक झालेली असते, तिथे रुतलेली सुरकुतीही पुढे जखमेला कारण होऊ शकते. सगळं झालं की बेल आजीच्या हाताशी ठेवायची. आमच्याकडे ती देवघरातली घंटा आहे.

हे सगळं सीएनए, म्हणजे सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटच्या परीक्षेसाठी. आपल्याकडे दवाखान्यात ज्यांना आपण मावशी म्हणतो, त्यांच्या कामाच्या जवळ जाणारं हे काम. अंघोळ घालणं, जेवण भरवणं, बेडपॅन देणं, नाडी आणि बीपी मोजणं. इथल्या बऱ्याच हायस्कूलमध्ये 'हेल्थ सायन्स' अशी वेगळी शाखा असते. नववीत ओळख, मग वैद्यकीय शब्दसंग्रह, शरीररचना आणि शेवटी प्रत्यक्ष काम. कोणी सीएनए करतं, कोणी रक्ताचे नमुने घ्यायला शिकतं, कोणी ईसीजी काढायला, कोणी औषधांच्या दुकानातल्या मदतनिसाचं प्रमाणपत्र घेतं. ह्यूस्टनला याची परंपरा जुनी आहे. हृदयशल्यविशारद मायकेल डिबेकी यांचं नाव असलेली, आरोग्यक्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठीची सरकारी हायस्कूल इथे १९७२ साली सुरू झाली, बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या साथीनं. माझी मुलगी तिथे नाही, तिची शाळा साधी आहे. पण वाट तीच.

शब्दसंग्रहाचा विषय मला फार आवडला. 'टॅकी' म्हणजे जलद, 'कार्डिया' म्हणजे हृदय. 'आयटिस' आलं की दाह, 'एक्टॉमी' आलं की काढून टाकणं. आपण शाळेत संधी सोडवायचो तसे ती शब्द सोडवते. आजीच्या फाइलमधला एक अख्खा परिच्छेद तिनं आजीलाच मराठीत समजावून दिला.

मला खरं सांगायचंय ते मात्र वेगळं आहे. अमेरिकेत १९८७ साली वृद्धाश्रमांबाबत एक केंद्रीय कायदा झाला. त्यानुसार सीएनएला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण लागतं. टेक्सासमध्ये, म्हणजे आमच्या राज्यात, ते १०० तासांचं आहे. त्यातले पहिले १६ तास तरी असे, की ते पूर्ण झाल्याशिवाय पेशंटला हात लावता येत नाही. त्या १६ तासांत काय शिकवतात? माणसाशी बोलायचं कसं. संसर्ग कसा टाळायचा. घशात घास अडकला तर काय करायचं. त्याला स्वतःला जे जमतं ते त्यालाच कसं करू द्यायचं. आणि त्याचे हक्क काय.

मुलीच्या वहीत हे वाचलं आणि मला बाबा आठवले. त्यांच्या शेवटच्या आजारात मी इथून रजा काढून गेले होते. रुग्णालय मोठं, डॉक्टर हुशार, औषधोपचारात काही कमी नाही. पण सकाळी दोघी जणी यायच्या, एक शब्द न बोलता पांघरूण ओढायच्या, आपसात गप्पा मारत त्यांना इकडून तिकडे वळवायच्या. बाबांनी आयुष्यभर मास्तरकी केली होती. ते वर्गात शिरले की मुलं उभी राहायची. रुग्णालयात मात्र ते नुसते डोळे घट्ट मिटून घ्यायचे. मी तेव्हा त्या बायकांवर खूप चिडले होते. आता वाटतं, आपला राग चुकीच्या माणसांवर निघाला. त्या वॉर्डात तीसेक पेशंट होते आणि त्या दोघीच. शिवाय पेशंटला आधी विचारायचं असतं, हे त्यांना कधी कोणी शिकवलंच नसणार.

माझी सतरा वर्षांची मुलगी आज ते शिकतेय, आणि मला या गोष्टीचं किती समाधान वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा खऱ्या वृद्धाश्रमात गेली. त्याआधी क्षयरोगाची चाचणी, फ्लूची लस, सगळी कागदपत्रं. निळे स्क्रब्ज, बिनआवाजाचे बूट, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, कारण नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची असते. परत आली ती गप्पच होती. रात्री सांगायला लागली. एका आजींना भरवायचं होतं. तिनं चमचा पुढे केला, आजींनी तोंड फिरवलं. पुन्हा तेच. तिला रडू यायचं बाकी होतं. शिक्षिका मागून म्हणाल्या, आधी बस. उभ्या माणसाच्या हातून कोण जेवेल? ती खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसली, चमच्यात काय आहे ते सांगितलं आणि थांबली. पाऊण तास लागला, पण अर्ध्याहून जास्त ताट संपलं.

"नाव काय गं त्यांचं?" सासूबाईंनी विचारलं.

"आजी, ते नाही सांगता येत."

पेशंटची माहिती बाहेर बोलायची नाही, हा इथला १९९६ चा कायदा, आणि पहिल्याच आठवड्यात तो मुलांच्या डोक्यात पक्का बसवतात. आजीला थोडं लागलं ते. मग त्याच म्हणाल्या, "बरोबर आहे. माझंही कुठे सांगू नकोस मग."

आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना हे पटत नाही. "डॉक्टर व्हायचंय ना तिला? मग हे कशाला?" असं तोंडावर विचारतात. सुरुवातीला मीही हेच विचारलं होतं. इथे हायस्कूलनंतर आधी चार वर्षं कॉलेज, मग प्रवेशपरीक्षा, चार वर्षं मेडिकल, त्यापुढे किमान तीन वर्षं रेसिडेन्सी. एवढ्या लांबच्या वाटेला लागण्याआधी आजारी माणसाजवळ, त्याच्या वासासकट, त्याच्या चिडचिडीसकट आपल्याला थांबता येतं का, हे कळायला नको? तिच्या वर्गातल्या एकाला दोन दिवसांत कळलं की आपल्याला हे जमणार नाही. तो आता प्रयोगशाळेच्या कामाकडे वळतोय. मला हे त्याचं भाग्य वाटतं.

एक गोष्ट मात्र मला खुपते. या कामाला इथेही पगार कमीच, आणि पाठ मोडेल इतके कष्ट. काही मुलांसाठी हा अनुभव आहे, काहींसाठी मात्र बारावीनंतर लगेच घर चालवण्याची सोय. शिक्षिका त्यांना पुढची पायरी सतत दाखवत असतात: साधारण वर्षभराचा एलव्हीएनचा, म्हणजे नर्सिंगमधल्या पहिल्या परवान्याचा कोर्स, मग नोंदणीकृत नर्स. पण नोकरी करत शिकणं किती जणांना जमतं? ज्यांच्या हातात आपण आपले आईवडील सोपवतो त्यांना इतकं कमी द्यावं, हे मला कुठल्याच देशात पटत नाही.

परीक्षा पुढच्या शनिवारी आहे. हात धुण्यापासून सगळं करून दाखवावं लागेल. कुठली कौशल्यं वाट्याला येतील ते आधी सांगत नाहीत, त्यामुळे सगळ्यांचीच तयारी. आत्ता वरून पुन्हा टकटक ऐकू आली, आणि पाठोपाठ सासूबाईंचा आवाज, "ये गं, पण आज उजव्या कुशीवर घे. डावा खांदा दुखतोय."

"बरं आजी. किती दुखतोय, एक ते दहात सांग."